कान्त्रेव्ह, कुमुद आणि आपल्या तर्फा: वेल्सचा जुना नकाशा मराठीत करताना अडलेले प्रश्न

मुठेकाठ (पुणे)

नमस्कार. तेराव्या शतकातल्या वेल्सचा, त्यातही वायव्येकडच्या ग्विनेद राज्याचा, मराठी नावांचा भिंतीवर लावायचा नकाशा करतो आहे. आमच्या पुण्यातल्या वाचनगटात बारा मावळांच्या तर्फा आणि वेल्सची जुनी विभागणी शेजारी-शेजारी मांडायची आहे. त्यामुळे अंदाजपंचे काम नको आहे.

तीन ठिकाणी अडलोय. वेल्श कायद्याच्या पोथ्या सांगतात की शंभर त्रेव्हचा (म्हणजे गावांचा) एक कान्त्रेव्ह आणि त्याचे दोन सारखे कुमुद. प्रत्यक्षात ल्लीनच्या कान्त्रेव्हमध्ये तीन कुमुद दिसतात, दक्षिणेत कान्त्रेव्ह माउरमध्ये सात आणि नैर्ऋत्येकडच्या दवेदच्या कान्त्रेव्ह ग्वार्थाव्हमध्ये आठ. मग पोथी चुकली की याद्या? दुसरं, मराठीत सरळ परगणा आणि तर्फ लिहावं का? तिसरं म्हणजे हद्दी. हाती आलेले कुठलेही दोन नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया क्रम सांगावा, आधी काय, मग काय.

पांडबिघा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. पोथीतली बेरीज अचूक आहे, फक्त ती जमिनीवर उतरवायची नसते.

उत्तरेकडच्या पोथ्यांमधला हिशेब असा: ४ एरूंचं (एरू हे जमिनीचं लहान माप) एक तदिन, म्हणजे घरठाण. ४ तदिनांचं एक र्‍हान्दिर, म्हणजे वाटणीचा तुकडा. ४ र्‍हान्दिरांचं एक गावाइल, ४ गावाइलांचं एक त्रेव्ह, ४ त्रेव्हचं एक माइनोल. १२ माइनोल आणि वर २ त्रेव्ह मिळून एक कुमुद. त्रेव्हमध्ये २५६ एरू येतात, माइनोलमध्ये १,०२४, बारा माइनोलांत १२,२८८. त्यात दोन सुट्या त्रेव्हचे ५१२ मिळवले की कुमुद १२,८०० एरूंचा आणि कान्त्रेव्ह २५,६०० एरूंचा. कुमुदात ५० त्रेव्ह, कान्त्रेव्हमध्ये १००.

ते दोन सुटे त्रेव्ह कशाला, हे पाहिलं की हिशेबाचा हेतू कळतो. दोन्ही राजाचे. एकात त्याची खासगी शेती आणि वाड्याला लागून असलेली वस्ती (माइर्द्रेव्ह), दुसऱ्यात पडीक रान आणि उन्हाळी कुरण. उरलेल्या बारा माइनोलांपैकी चार बांधील कुळांकडे; राजाचे घोडे, कुत्रे आणि फिरतीवर आलेली माणसं पोसायची जबाबदारी त्यांची. एक माइर नावाच्या कारभाऱ्याकडे, एक कांघेल्लोर नावाच्या अधिकाऱ्याकडे, सहा स्वतंत्र खातेदारांकडे. या शेवटच्या आठ माइनोलांनी दर साल प्रत्येकी एक पौंड भरायचा. पौंडाचे पेनी २४०, माइनोलात त्रेव्ह ४, म्हणून दर त्रेव्हमागे ६० पेनी. सगळं कसं बिनतोड चारने भाग जाणारं! हा जमाबंदीचा नमुना आहे. कायदेपंडितांनी वसुली कशी असावी ते मांडलं, गावं मोजून लिहिलेलं नाही. दक्षिणेकडच्या पोथ्यांत तर सखल भागातल्या माइनोरमध्ये (माइनोलचंच तिकडचं नाव) ७ त्रेव्ह आणि डोंगराळ भागात १३ असा वेगळाच हिशेब आहे, तिथे चाराचा पाढा चालत नाही.

आता सगळ्यात मोठा खड्डा. आजच्या वेल्शमध्ये एरू म्हणजे एकर. तो अर्थ इथे लावू नका. पोथीतलं माप असं: जवाचे तीन दाणे म्हणजे एक इंच, तीन इंचांचा तळहात, तीन तळहातांचं पाऊल. म्हणजे पाऊल ९ इंचांचं, १२ नव्हे. बैलांचं लांब जू १६ पावलांचं. तेवढीच काठी हातात घेऊन नांगर हाकणाऱ्याने दोन्ही बाजूंना पोचेल तिथवर टेकवायची, ती एरूची रुंदी. लांबी रुंदीच्या तीसपट. हे एकरापेक्षा बरंच लहान आहे.

ताळा घ्यायचा असेल तर मोन बेट घ्या, इंग्रजीत ज्याला अँगलसी म्हणतात ते. तिथे तीन कान्त्रेव्ह. एरू म्हणजे एकर धरला तरी २५,६०० एकर म्हणजे ४० चौरस मैल, जवळपास १०४ चौ. किमी. तीन कान्त्रेव्हचे ३११ चौ. किमी. बेट आहे ७०० चौ. किमी.च्या वर. निम्मंही भरत नाही, आणि खऱ्या एरूने तर त्याहून कमी. खडकाळ माळ आणि दलदल मोजणीबाहेर धरली तरी आकडा बसवून बसत नाही.

म्हणून कायद्याचा हिशेब नकाशाच्या कोपऱ्यात चौकटीत द्या. कायदा हवेल दा या राजाच्या नावावर आहे, तो ९५०मध्ये वारला. पण हाती असलेल्या पोथ्या तेराव्या शतकापासूनच्या. हेही चौकटीत लिहा, नाहीतर वाचणारा सगळं दहाव्या शतकात नेऊन ठेवेल. आपल्याकडचं ५ हात ५ मुठींची काठी, २० काठ्यांचं पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चावर हे कोष्टक शेजारी दिलंत तर फरक उठून दिसेल: ते मोजणीसाठी शेतात वापरलं गेलं.

उच्चारप्रेमी

नावांबद्दल. तुम्ही 'कान्त्रेव्ह' लिहिलंत ते बरोबर. बरेच जण 'कँट्रेफ' लिहितात. वेल्श लिखाणात एक एफ म्हणजे व्ह, दोन एफ जोडून आले तरच फ. डब्ल्यू बहुधा स्वर असतो, उ किंवा ऊ, म्हणून 'कुमुद'. आपल्या कुमुदाशी, म्हणजे कमळाशी, त्याचा काही संबंध नाही, फक्त उच्चाराचा योगायोग. हे नकाशावर एका ओळीत सांगाच, मराठी वाचक तिथेच थबकणार. दोन डी म्हणजे इंग्रजी 'दॅट'मधला मऊ द, म्हणून ग्विनेद. दोन एलचा आवाज मराठीत नाही: जीभ ल च्या जागी ठेवून कडेने नुसती हवा सोडायची. 'ल्ल' लिहिण्याची तुमची पद्धत चालेल, फक्त सगळीकडे तीच ठेवा.

अनेकवचन कान्त्रेवी आणि कमदाय. नकाशावर ते टाळा आणि 'तीन कुमुद' असंच मराठी वळणाने लिहा. नाहीतर कुमुद आणि कमदाय या दोन वेगळ्या गोष्टी वाटतील.

अर्थ: कान्त म्हणजे शंभर, त्रेव्ह म्हणजे वस्ती. आजच्या वेल्शमध्ये त्रेव्ह म्हणजे शहर, तेव्हा शब्दकोशातून उचललंत तर 'शंभर शहरं' होऊन बसेल. त्या काळात ते शेतजमिनीसकट एक गाव, आपल्याकडच्या 'मौजे'च्या जवळचं. कुमुदच्या मुळाशी एकत्र राहण्याचा, शेजाराचा अर्थ आहे.

भाषांतर करू नका, असं माझं ठाम मत. परगणा लिहिलं की देशमुख-देशपांडे आपोआप डोळ्यांपुढे येतात, वतन येतं, हक्क-लाजिमा येतो. माइर आणि कांघेल्लोर हे राजाने नेमलेले अधिकारी. सूचीत एवढं पुरे: 'कान्त्रेव्ह, साधारण परगण्याच्या पातळीवरचा प्रदेश, कुमुद, साधारण तर्फेच्या पातळीवरचा'. नकाशावर मात्र मूळ शब्दच.

मुठेकाठ

दोघांचे आभार. एरूची गोष्ट माझ्याकडून निसटली होती, कोष्टकात एकर लिहून मोकळा झालो होतो. आता हद्दींचं कुणी सांगेल का? आणि ठळक रेघ कुणाची, कान्त्रेव्हची की कुमुदाची? आणखी एक: ग्विनेदच्या आर्वोन कान्त्रेव्हमध्ये 'उख ग्विर्वाय' आणि 'इस ग्विर्वाय' असे दोन कुमुद आहेत. उख म्हणजे वरचा, इस म्हणजे खालचा. पण वरचा नकाशात खाली येतोय. काही चुकतंय का?

पाणलोट

चुकत नाही. ग्विर्वाय ही नदी. उख ग्विर्वाय तिच्या नैर्ऋत्येला, इस ग्विर्वाय ईशान्येला. इथे वर-खाली म्हणजे उंची किंवा उत्तर-दक्षिण नव्हे. अभ्यासकांनी दाखवलंय की ज्या बाजूला महत्त्वाचं केंद्र असे ती 'इस', आणि तिथून पाहता नदीपलीकडची किंवा रानापलीकडची ती 'उख'. बँगोरचं मुख्य चर्च आणि कार्नार्वोन दोन्ही इस ग्विर्वायमध्ये आहेत, तेव्हा बसतं. आपण पुण्यात नदीच्या 'अलीकडे-पलीकडे' म्हणतो तसंच हे, बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरणारं. नावं हलवू नका.

ठळक रेघ कुमुदाची. तेराव्या शतकात कारभार चालायचा तो कुमुदावर: दरबार तिथे, वसुली तिथे, राजाचा वाडा तिथे. कान्त्रेव्ह हे जुनं, प्रादेशिक ओळखीचं नाव म्हणून उरत चाललेलं. १२८४मध्ये र्‍हिदलानच्या कायद्याने इंग्रजांनी मोन, कार्नार्वोन आणि मेरियोनेथ अशा काउंट्या पाडल्या तेव्हाही खाली कुमुद तसेच ठेवले, आणि शेरीफने वर्षातून दोनदा कुमुदा-कुमुदात जाऊन दरबार भरवावा असं ठरवलं. त्यामुळे कान्त्रेव्ह फिकट रंगाने भरा आणि नाव मोठ्या विरळ अक्षरांत पसरा, रेघ कुमुदाला द्या.

हद्दी आखण्याआधी एक साल पक्कं करा. तुमच्याजवळचे नकाशे जुळत नाहीत त्याचं अर्धं कारण तेच असणार. पूर्वेकडचे चार कान्त्रेव्ह (र्‍होस, र्‍हिवोन्योग, दफ्रिन क्लुइद, तेगाइंगल) १२६७च्या माँटगोमरीच्या तहाने ग्विनेदचा राजा ल्लवेलिन याच्याकडे राहिले आणि १२७७च्या आबेरकोन्वीच्या तहाने गेले. १२६७ आणि १२८० या दोन सालांच्या नकाशात राज्याचा पूर्वेकडचा तिसरा हिस्सा एकदा आहे, एकदा नाही. मी १२६७ घेईन, राज्य तेव्हा सगळ्यात पसरलेलं होतं.

मग काउंट्या बाजूला ठेवा. त्यांच्यावरून मागे जाऊन कान्त्रेव्ह काढायला गेलं की दोन ठिकाणी हमखास चुकतं. दिनोदिंग कान्त्रेव्हचे एव्योनिद आणि आर्दिद्वी हे दोन कुमुद १२८४मध्ये फाटले, पहिला कार्नार्वोन काउंटीत गेला, दुसरा मेरियोनेथमध्ये. आणि क्रैदिन हा कुमुद कोन्वी नदीच्या पूर्वेला असूनही कार्नार्वोनला जोडला गेला. हंड्रेड या नंतरच्या विभागांच्या हद्दीही सगळीकडे वापरू नका. मोनमध्ये ते चालतं, कारण तिथे सहाही कुमुदांची नावं (ल्लिवोन, माल्ल्त्राइथ, तालबोल्योन, तुर्केलिन, दिन्दाइथ्वी, मेनाय) हंड्रेड म्हणून टिकली. बाकी ठिकाणी जोडाजोड झाली.

खरं काम खालून वर करायचं. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी पाहण्यांत कुमुदवार गावांची यादी आहे: मोन आणि कार्नार्वोनची १३५२ची, डेन्बीची १३३४ची. त्यातलं एकेक त्रेव्ह घ्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या टाइद नकाशांवर शोधा. चर्चला द्यायचा दशांश रोख ठरवण्यासाठी १८३६च्या कायद्यानंतर ते गावोगाव काढले गेले; वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते ऑनलाइन पाहता येतील असे ठेवलेत. त्रेव्ह सापडलं की त्या नकाशातली पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाची), आणि दिली असेल तिथे टाउनशिपची (त्याच्या पोटविभागाची) हद्द घ्या. एका कुमुदातली सगळी त्रेव्ह रंगवून झाली की कुमुद आपोआप उभा राहतो आणि मध्ये फटी राहतात. फट बहुतेक वेळा उंच रानाची असते. तिथे पाणलोटाची रेघ धरा आणि ती तुटक काढा, म्हणजे ती अनुमानाची आहे हे कळेल. सखल भागात ओढा किंवा नदी.

यात बिघडतं ते असं. पॅरिशचे काही तुकडे मुख्य हद्दीबाहेर, दुसऱ्याच्या पोटात असतात; ते नुसतं गठ्ठ्याने उचललं तर एका कुमुदाची बेटं दुसऱ्यात दिसू लागतात. काही पॅरिश दोन कुमुदांत पसरलेले असतात, तिथे टाउनशिपपर्यंत उतरावंच लागतं. नावं दोनदा येतात: केमाइस मोनमध्येही आहे आणि दवेदमध्येही, र्‍होस ईशान्येलाही आणि नैर्ऋत्येलाही. तक्त्यात प्रत्येक नावापुढे प्रदेशाचा रकाना ठेवा, नाहीतर संगणक दोन्ही एकत्र करून टाकील.

आणि किनारा! आजचा पायानकाशा घेतलात की इथेच घात होतो. एव्योनिद आणि आर्दिद्वी यांच्यामध्ये त्राइथ माउर ही रुंद भरतीची खाडी होती. १८११मध्ये पोर्थमादोगचा बांध पूर्ण झाला आणि ती शेतजमीन झाली. आज तिथे दोन कुमुद एकमेकांना चिकटलेले दिसतात, तेराव्या शतकात मध्ये वाळू आणि पाणी होतं. मोनमधल्या माल्ल्त्राइथची दलदलही बांध घालून नंतर कोरडी केली गेली. दोन्ही ठिकाणी जुना किनारा हाताने काढा. तसंच धरणं पुसा: पेन्ल्लीनमधलं ल्लीन केलिन हे धरणाचं तळं १९६५चं, त्याखाली कापेल केलिन हे गाव गेलं. टेमघर आणि वरसगावचं पाणी ठेवून मुठे खोरं, मोसे खोरं दाखवता येणार नाही, तोच प्रकार.

थळझाडा

वर सगळं उत्तम सांगितलंय. एक मुद्दा राहिला, तो त्रेव्हच्या आतला. तुमच्या गटाला पुणे भागाशी तुलना हवी असेल तर ती इथे सगळ्यात जवळ येते.

त्या चौदाव्या शतकातल्या पाहण्यांत प्रत्येक स्वतंत्र गावात 'ग्वेली अमुक', 'ग्वेली तमुक' अशा नोंदी आहेत. ग्वेली म्हणजे शब्दशः बिछाना. एका मूळ पुरुषाच्या वंशजांनी मिळून धरलेली जमीन, आणि तिला त्या पूर्वजाचं नाव. तो जाऊन पिढ्या लोटल्या तरी नाव चालू. आपल्याकडच्या मिरासी गावांतलं थळ असंच, मूळ घराण्याच्या नावाचं. घराणं नामशेष झालं, जमीन गतकूळ झाली, दुसरे कसू लागले, तरी थळझाड्यात (गावच्या थळांच्या जुन्या यादीत) थळ जुन्याच नावाने. ज्याने हे कागद वाचलेत त्याला वेल्श पाहणीचं पान परकं वाटणार नाही.

वाटणीचा वेल्श नियम सुंदर आहे. जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची. धाकट्याने वाटे पाडायचे आणि थोरल्यापासून एकेकाने निवडायचं. वाटे पाडणाराच शेवटी उचलणार, म्हणून तो कुणाचं कमी-जास्त करणार नाही. राहतं घर आणि आठ एरू मात्र धाकट्याचे. भावांनंतर चुलतभावांत फेरवाटणी होऊ शके, मग पुढच्या पिढीच्या चुलतभावांत, त्यानंतर नाही. जमीन विकायची सोय जवळजवळ नव्हती, म्हणून 'प्रिद' नावाची तोड निघाली: चार वर्षांच्या बोलीने गहाण, मुदत संपली की पुन्हा चार वर्षं. कागदोपत्री गहाण, व्यवहारात विक्री. १२८४च्या कायद्याने वाटणी चालू ठेवली, पण अनौरस मुलांचा हिस्सा काढला. सोळाव्या शतकात, १५४३च्या कायद्याने, वाटणीच बंद झाली आणि थोरल्याकडे सगळं जाऊ लागलं.

नकाशासाठी यातून एवढंच घ्या: ग्वेलीला हद्द काढू नका. तिच्या पट्ट्या एकाच गावात विखुरलेल्या असत आणि बऱ्याचदा दोन-तीन त्रेव्हांतही. रंगीत ठिगळ काढलंत तर ते खोटं होईल. एखादं त्रेव्ह निवडून शेजारी वेगळी आकृती द्या.

मुठेकाठ

१२६७ ठरवलं. रेघ कुमुदाला. त्राइथ माउरचा किनारा आजच बदलतो. शेवटचं: राजवाड्यांच्या खुणा द्यायच्या आहेत, प्रत्येक कुमुदाला एक, तर जागा कितपत खात्रीच्या?

पाणलोट

सारख्या खात्रीच्या नाहीत, म्हणून खुणा दोन प्रकारच्या ठेवा. भरीव चौकोन जिथे पाया सापडलाय तिथे. मोनमधलं ल्लीस र्‍होसिर हे त्याचं उत्तम उदाहरण. १९९०च्या दशकात उत्खनन झालं आणि भिंतींचे पाये आजही उघडे दिसतात. १३३०च्या वादळात तिथल्या शेतांवर वाळू पसरली आणि पुढेही ती सरकत राहिली, म्हणून ते पाये टिकले. पोकळ चौकोन जिथे कागदांवरून जागा ठरते पण वाड्याचा नेमका दगड दाखवता येत नाही: ल्लीनमध्ये दिन्ल्लाइनसाठी नेव्हिन, काफ्लोग्योनसाठी पुल्लहेली, कमिदमाइनसाठी नेइगुल. एव्योनिदचं केंद्र आधी दोल्बेन्माइनला होतं, मग क्रिकिएथला हललं, तिथे दोन्ही खुणा आणि मध्ये बाण.

आबेरफ्राउचं नाव इतर वाड्यांपेक्षा मोठ्या अक्षरांत घ्या. ग्विनेदच्या राजांची मुख्य गादी तीच मानली जाई, आणि १२६७च्या ल्लवेलिनच्या आजोबांनी, म्हणजे थोरल्या ल्लवेलिनने, आपल्या पदवीत आबेरफ्राउचं नाव लावलं.